पाळी जाण्याच्या काळात सवयी टिकत का नाहीत, आणि टिकतील कशा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "वय ४८. राहायला जुळे सोलापूरला, शाळेत शिकवते. वर्षभरापासून पाळी कधी २० दिवसांनी येते, कधी अडीच महिन्यांनी. रात्री घामाने जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. पोट सुटलंय, गुडघे धरतात, लहानसहान गोष्टींवर चिडचिड होते. तीनदा चालायला सुरुवात केली, दर वेळी आठ-दहा दिवसांत बंद पडलं. जिम आणि डाएट प्लॅन मला झेपणार नाहीत. घर, सासूबाई आणि नोकरी सांभाळून टिकतील अशा साध्या सवयी सांगाल का? माझी मैत्रीण सोयाबीनच्या गोळ्या घेते, मीही घेऊ का?"

ताई, मी सोलापुरात बरीच वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला "दर वेळी आठ-दहा दिवसांत बंद पडलं" ही वाटली. बाकीच्या तक्रारी या वयात बहुतेक जणी सांगतात. सुरू केलेलं बंद का पडतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. स्वतःला आळशी ठरवून बायका गप्प बसतात. मला त्यात आळस फार थोडा दिसतो. एक तर सवय चुकीच्या तक्रारीवर उपाय म्हणून लावलेली असते, नाहीतर ती चांगल्या दिवसाच्या हिशोबाने ठरवलेली असते. या दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते, पण त्याआधी एक काम करायचं आहे आणि ते पुढे ढकलू नका.

पाळी २० दिवसांनी येणं हे तपासून घ्या. या वयात पाळी लांबते, तशी जवळही येते, आणि बहुतेक वेळा कारण संप्रेरकांचा (हॉर्मोन्सचा) चढउतार एवढंच असतं. पण २१ दिवसांच्या आत पुन्हा पाळी येणं, सात दिवसांहून जास्त अंगावरून जाणं, गाठी पडणं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त दिसणं, यांतलं काहीही पंचेचाळिशीनंतर असेल तर सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर बघावं लागतं. गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला पाठवावा लागतो. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि रक्तदाब. थायरॉईड बिघडलं तरी घाम, चिडचिड, वजन, झोप हीच यादी असते, आणि जास्त अंगावरून जाऊन रक्त कमी झालेल्या बाईला दोन जिने चढले तरी धाप लागते. तिला "रोज चाला" सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे. ती चार दिवस चालेल आणि थकून बसेल.

आणि एक नियम घरातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवा. सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं आम्ही धरतो. आपल्याकडे ते साधारण ४६-४७व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. ती गेल्यानंतर नुसता डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. "पाळी परत आली" म्हणून आनंदाने सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती पाळी नसते. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण कधी कधी गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते, आणि त्या टप्प्यावर सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो.

आता सवयी.

तुम्ही चालायला का सुरुवात केली, हे लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की रात्रीचा घाम आणि वाफा, म्हणजे अंगात एकदम उसळणाऱ्या गरम लाटा, कमी व्हाव्यात म्हणून. आठ दिवस चाललात, वाफा तशाच राहिल्या, मग मन उडालं. ते उडणारच होतं. चालण्याने किंवा योगासनांनी वाफा कमी होतात याचा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. चालणं हाडांसाठी आहे, साखर आणि रक्तदाबासाठी आहे, झोपेसाठी आणि मनासाठी आहे, आणि त्याचं फळ काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी दिसतं. कोणती सवय कशासाठी आणि तिच्याकडून काय कधी मिळेल, एवढं मनाशी पक्कं असलं तर माणूस वाट बघू शकतो.

वाफांचं कारण मेंदूत आहे. शरीराचं तापमान राखणारं केंद्र मेंदूत असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी-जास्त होऊ लागलं की ते केंद्र फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी त्याला खूप उकडल्यासारखं वाटतं आणि ते एकदम त्वचेकडे रक्त सोडतं, घाम काढतं. छातीतून गरम लाट निघते, मान आणि चेहऱ्यावर चढते, काही मिनिटांत ओसरते, आणि मग कधी कधी थंडी वाजते. सोलापुरात हे ओळखणं अवघड जातं, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर असताना घरातल्या सगळ्यांनाच घाम असतो. ओळखायची खूण अशी की वाफ जानेवारीतही येते, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या थंडीतही येते, आणि शेजारी बसलेल्या माणसाला काहीच वाटत नसतं.

या वाफा किती दिवस राहतात? अमेरिकेतल्या स्वान नावाच्या दीर्घ पाहणीत त्यांचा मधला कालावधी ७.४ वर्षं निघाला. म्हणजे "सहा महिने कळ काढ, आपोआप जाईल" हा सल्ला अनेक जणींच्या बाबतीत खोटा ठरतो. म्हणून स्पष्ट सांगते : वाफांमुळे झोप मोडत असेल, वर्गात शिकवताना घामाने साडी भिजत असेल, तर त्याला औषध आहे. ते मागायला लाजू नका. संप्रेरकांच्या गोळ्या किंवा जेल यांनी वाफांची संख्या साधारण तीन-चतुर्थांशाने कमी होते. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर या औषधांची भीती बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नाहीत अशा, आणि इतर अडचण नसलेल्या स्त्रीला त्यांचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आज या विषयातले जाणकार मानतात. स्तनाचा कर्करोग झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, अशा बायकांना मात्र ती देत नाहीत. त्यांच्यासाठी बिनसंप्रेरकी गोळ्या आहेत. हा निर्णय समोर बसून, इतिहास विचारून घ्यायचा असतो. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून आणायची ही वस्तू नव्हे.

गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायकांनी हे विशेष वाचावं. आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या बीड-धाराशिवमध्ये तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी जणी आहेत. पिशवीबरोबर बीजकोशही (अंडाशय) काढले असतील तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. ऑपरेशनचा कागद शोधून बीजकोश ठेवलेत की काढलेत हे बघा. बहुतेक जणींना ते माहीतच नसतं.

रात्रीच्या घामासाठी घरात करण्यासारखं जे आहे, ते वाफ थांबवत नाही, पण मोडलेली झोप परत जोडायला मदत करतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत असतो. शक्य असेल तर खालच्या खोलीत, नाहीतर खिडकीच्या झोताखाली झोपा. जाड सोलापुरी चादर घरातल्या इतरांना द्या, स्वतःसाठी वेगळं पातळ सुती पांघरूण घ्या, कारण एकाच पांघरुणात दोघं असली की ते झटकन बाजूला करता येत नाही. उशाशी कोरडा सुती गाऊन, टॉवेल आणि पाण्याचा तांब्या रात्रीच ठेवा. घामाने जाग आली की उठून दिवा लावून कपाट उघडायचं, कपडे शोधायचे, एवढ्यात झोप पुरती उडते. अंधारातच गाऊन बदलला, दोन घोट पाणी प्यायलं, घड्याळ आणि मोबाइल बघितला नाही, तर परत डोळा लागण्याची शक्यता वाढते. चहा दुपारी चारनंतर बंद. हे अवघड आहे, मला माहीत आहे, शाळेतून आल्यावरचा चहा हा दिवसातला एकच निवांत क्षण असतो. मग तो एक चहा राहू द्या, रात्री जेवणानंतरचा चहा तेवढा बंद करा. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. रविवारी उशिरापर्यंत झोपून भरपाई केली की सोमवारची रात्र पुन्हा बिघडते.

तिखट खाल्ल्याने वाफा येतात का, हे प्रत्येकीचं वेगळं आहे. काळा मसाला आणि शेंगाचटणी सोडून द्या असं मी कुणाला सरसकट सांगत नाही. दोन आठवडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर नोंद करा : पाळीची तारीख, रात्री किती वेळा घामाने जाग आली, रात्री काय खाल्लं. दोन-तीन खुणा पुरेत, वही नको. वही करायला गेलात की तीही आठव्या दिवशी बंद पडेल.

इथून दुसऱ्या कारणाकडे येते. सकाळी साडेपाचला उठून ४५ मिनिटं चालायचं, असंच काहीतरी तुम्ही ठरवलं असणार. ही सवय तुम्ही कोणत्या दिवसाच्या हिशोबाने ठरवलीत? रात्री झोप झालेली आहे, पाणी येणार नाही, सासूबाईंची तब्येत ठीक आहे, शाळेत परीक्षा नाहीत, अशा दिवसाच्या. असे दिवस महिन्यात किती येतात? सोलापुरात नळाला पाणी दोन-चार दिवसांआड येतं आणि कधी कधी भलत्या वेळेला येतं. पाण्याच्या दिवशी घरातली बाई घर सोडून तलावाला फेरी मारायला जाणार नाही. म्हणून सवय ठरवताना सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा : तीन तास झोप, पाण्याचा दिवस, डोकं ठणकतंय. त्या दिवशी जेवढं जमेल तेवढीच तुमची सवय. त्याच्यावर जे होईल ते जास्तीचं. वाईट दिवशी दहा मिनिटं जमतात? मग दहा मिनिटं. पाचच जमतात? पाच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज एक छोटी गोष्ट करायची आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. आपल्याकडे व्रत मोडलं की सगळं गेलं, अशी भावना असते. चालण्याचं व्रत करू नका. काल चुकलं, आज करा, मोजदाद करत बसू नका.

सवय कशाला तरी बांधा. जे काम तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तरी होतंच, त्याला. सोलापूरच्या घरात ते काम म्हणजे भाकरी. तवा तापेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून उभं राहा आणि टाचा वर उचला, खाली आणा, १० वेळा. जेवायला बसण्याआधी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, १० वेळा. सुरुवातीला पाचच होतील, गुडघे कुरकुरतील, तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दोन-तीन आठवड्यांनी उशी काढा. मग हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, त्यामुळे तुमच्या गुडघ्यांना चालण्याइतकंच, कदाचित जास्त, हे उपयोगी पडेल. भिंतीला हात टेकून दंड काढणंही यातच जोडता येतं.

इथे बायका मला म्हणतात, "डॉक्टर, मी दिवसभर राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?" त्यांचं राबणं मी कमी लेखत नाही. पण धुणं, भांडी, फरशी या कामांत कमरेतून पुढे वाकून तेच ते स्नायू दमतात. मांड्या, कुल्हे आणि पाठीच्या स्नायूंवर हळूहळू वाढत जाणारा भार पडत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या बिडी वळणाऱ्या बायकांचं तर आणखी अवघड. सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास मान खाली. त्यांना मी सांगते, ठरावीक बिड्या वळून झाल्या की उठायचं, भिंतीला पाठ लावून खांदे मागे, १० पावलं, परत बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. १५० हा आकडा मोठा वाटतो, पण रात्री जेवणानंतर गच्चीत किंवा गल्लीत १० मिनिटं आणि सकाळी १० मिनिटं एवढ्यानेच आठवड्याची १४० मिनिटं होतात. रात्रीची ती १० मिनिटं जेवणानंतर वाढणारी साखरही खाली ठेवतात. सुट्टीच्या दिवशी सिद्धेश्वर तलावाकडे किंवा पार्क मैदानावर मैत्रिणीबरोबर निवांत फिरा. उन्हाळ्यात मात्र सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच.

हाडांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती दुखत नाहीत आणि म्हणून कुणाला आठवत नाहीत. पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. त्याचा हिशोब पुढे सत्तरीत लागतो, बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला की. आपल्याकडची आहारशास्त्राची राष्ट्रीय शिफारस पाळी गेलेल्या स्त्रीसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम अशी आहे. आता आपलं ताट बघा. मंगळवेढ्याची ज्वारी उत्तमच, तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ज्वारीत कॅल्शियम फार थोडं. चहातलं दूध मोजण्यासारखं नसतं. म्हणजे भाकरी, भाजी, भात, वरण आणि तीन कप चहा एवढ्यावर आपण निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

इथे मला गिरणीतली युक्ती सगळ्यात आवडते. दळण टाकताना पाच किलो ज्वारीत एक किलो नाचणी घाला. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे रोजच्या भाकऱ्यांतून शे-सव्वाशे मिलिग्रॅम न आठवता पोटात जातं. महिन्यातून एकदा गिरणीत लक्षात ठेवायचं, रोज काही करायचं नाही. भोगीला बाजरीच्या भाकरीला आपण तीळ लावतो, ते रोज लावायला कुणी अडवलेलं नाही. एक मोठा चमचा तीळ म्हणजे शंभरच्या आसपास मिलिग्रॅम. दोन वाट्या दही किंवा दूध, शेवग्याचा पाला, अधूनमधून राजगिरा. एवढं करूनही कमी पडलं तर गोळी घ्या, पण जेवणाबरोबर, आणि एका वेळी ५००हून जास्त नको, कारण त्याहून जास्त शरीर नीट शोषत नाही.

ड जीवनसत्त्व हा आपल्या शहराचा विरोधाभास आहे. एवढं ऊन, आणि रक्तात मात्र कमी. कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही, आणि भर दुपारचं सोलापूरचं ऊन उन्हाळ्यात अंगावर घेणं धोक्याचं. हिवाळ्यात दहा-साडेदहाच्या सुमारास हात आणि चेहरा उघडा ठेवून १५-२० मिनिटं बसा, शाळेच्या मैदानावर उभं राहिलात तरी चालेल. तपासणीत कमी आलं तर साठ हजार युनिटची आठवड्याची मात्रा डॉक्टर देतात. ती ठरलेल्या आठवड्यांपुरतीच असते. "चांगली असते" म्हणून वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका येतात, तसं करू नका.

पोटाबद्दल. या वयात वजन वाढण्यात वयाचा वाटा मोठा आहे, पण चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते ती इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे. उपाशी राहून ती जात नाही, उलट स्नायू जातात. भाकरी सोडू नका. प्रथिनं वाढवा : ६० किलो वजनाच्या बाईला दिवसाला निदान ५० ग्रॅम हवीत. एका भाकरीत साधारण सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. वरणाचं नुसतं वरचं पाणी वाढून घेतलं तर काही मिळत नाही, आणि घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला बऱ्याचदा तेच येतं. तुमची उसळीची वाटी आधी काढून झाकून ठेवा. मटकी, हुलगे, चवळी, आलटून पालटून. सोमवार-चतुर्थीचे उपवास करत असाल तर करा, फक्त साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दही आणि शेंगदाणे असू द्या. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट बंद झाले तरी पोटाला दोन-तीन महिन्यांत फरक जाणवतो.

मिश्री लावत असाल तर ती सोडणं ही बाकी सगळ्या सवयींच्या आधीची सवय. तंबाखूने हाडं आणि हृदय दोन्ही पोखरतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे.

खोकताना, शिंकताना थोडी लघवी होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण बायका हे सांगत नाहीत म्हणून मीच विचारते. लघवी अडवायला जे स्नायू आवळतो ते आवळून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने. फळ्याकडे तोंड करून उभं असतानाही करता येतं, कुणाला कळत नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नका. आणि खालच्या अंगाचा कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, हे सवयींनी जात नाही. त्यासाठी तिथेच लावायचं कमी मात्रेचं मलम असतं, ते बहुतेक जणींना सुरक्षित असतं. ही तक्रार आपोआप कमी होत नाही, वाढतच जाते, म्हणून वर्षानुवर्षं सहन करू नका.

चिडचिडीबद्दल घरच्यांशी बोला. नवरा, मुलं, सासूबाई यांना एकदा बसवून सांगा की माझी झोप मोडते आहे, त्याचं कारण शरीरात आहे, आणि पाण्याच्या दिवशी टाकी भरायचं काम आठवड्यातून दोनदा दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे. नेमकं काम, नेमका दिवस सांगा. "मला मदत करा" एवढंच म्हटलं की सगळे मान हलवतात आणि काही होत नाही. सासूबाईंना या वयातलं स्वतःचं आठवत असतं. विचारून बघा, बऱ्याच घरांत तिथूनच पहिला आधार मिळतो. पण चिडचिडीच्या पुढे जाऊन दोन आठवडे मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते पाळीच्या नावावर टाकू नका. या काळात नैराश्याचा धोका खरोखर वाढतो आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

सुरुवात कशी करायची? सगळं एकदम नको. तुमच्या बाबतीत मी या महिन्यात दोनच गोष्टी घेईन : डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या, आणि भाकरीच्या वेळचं टाचा उचलणं व खुर्चीवरून उठणं. दळण संपेल तेव्हा नाचणी. रात्रीची १० मिनिटं पुढच्या महिन्यात. एक सवय न आठवता व्हायला लागली की मगच दुसरी. आणि तुम्हाला अजून पाळी येते आहे, त्यामुळे दिवस राहण्याची शक्यता कमी झाली तरी संपलेली नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष, काळजी घ्यावी लागते. हेही डॉक्टरांशी बोला.

राहिला मैत्रिणीच्या गोळ्यांचा प्रश्न. सोयाबीन जेवणात जरूर घ्या, वड्यांची भाजी करा, दळणात मूठभर घाला, प्रथिनं चांगली असतात. गोळ्यांनी वाफा कमी होतात याचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत, आणि उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली त्यांची शिफारस केलेली नाही. त्या पैशांत थायरॉईड आणि हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. थायरॉईडची गोळी सुरू झालीच तर ती सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान चार तास लांब. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून घेऊन जा, आणि कालनिर्णयावरच्या नोंदींचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.